विजयकरांचं रेलिंग

मनमोहनराव विजयकर डिसेंबरातल्या एका रविवारी सकाळी पावणेनऊला मासळी बाजारात पडले, आणि सव्वानऊला तिसऱ्या मजल्यावर घरी पोचेपर्यंत आपण पडलोच नाही याची सगळी तयारी त्यांनी करून ठेवली होती. उजवं मनगट ठणकत होतं म्हणून पिशवी डाव्या हातात घेतली. चष्मा रुमालाने पुसला. दुसऱ्या मजल्यावर थांबून श्वास जागेवर आणला. आणि दारातून आत शिरताना, एरवी कधी म्हणत नाहीत असं एक वाक्य म्हणाले, "आज बाजारात अजिबात गर्दी नव्हती हं."

इथेच गाडी घसरली. चौतीस वर्षं विमा कंपनीच्या दावे विभागात काढलेल्या माणसाने ही चूक करायला नको होती. न विचारता जो माहिती देतो तो काहीतरी लपवतो, हे त्यांनी स्वतः कित्येक नवशिक्या कारकुनांना शिकवलं होतं.

दुर्गाबाईंनी पिशवी घेतली, बोंबील बघितले, पापलेट बघितलं, आणि नवरा पाठमोरा होऊन आतल्या खोलीकडे निघाला तेव्हा नवऱ्याकडे बघितलं.

"अहो, थांबा जरा."

"काय गं?"

"तुमच्या पँटला मागे खवले कसले?"

"मासळी बाजारातून आलोय. खवले नाही लागणार तर काय गुलाबाच्या पाकळ्या लागतील?"

"खवले पिशवीला लागतात, चपलेला लागतात. बुडाला कसे लागले?"

दुर्गाबाई तीस वर्षं शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांच्यापुढे खोटं बोलून वर्गाबाहेर न गेलेला विद्यार्थी अजून जन्माला यायचाय. मनमोहनरावांनी तीन कारणं सांगितली, तिन्ही एकमेकांशी जुळेनात, आणि शेवटी जे काय झालं ते बाहेर आलं. सुंदराबाई कोळणीच्या पाटीतला हलवा मासा वाकून बघत होते, कल्ला उचलला, मागे सरकले, फरशीवर बर्फाचं पाणी, आणि पुढचं त्यांना नीटसं आठवत नव्हतं. सुंदराबाईने काखेत हात घालून उभं केलं. अख्ख्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात ती ओरडली होती, "अगो, आमचं शेट परलं!" त्यावर मनमोहनराव शक्य तेवढ्या शांतपणे म्हणाले होते, "पडलो नाही, जरा बसलो." आणि सुंदराबाईने विचारलं होतं, "बरफान कोन बसतं का, शेट?"

दुर्गाबाईंनी मनगटाला हळद-तेल लावलं, गरम पट्टा बांधला, आणि निकाल दिला. जिन्याला भिंतीच्या बाजूने पक्कं रेलिंग लागेपर्यंत मनमोहनरावांनी एकट्याने खाली उतरायचं नाही. रविवारचा बाजार बंद.

"पडलो बाजारात, आणि रेलिंग जिन्याला? हा कुठला न्याय?"

"बाजाराला रेलिंग लावता येत नाही म्हणून," दुर्गाबाई म्हणाल्या आणि बोंबील धुवायला घेतले.

हा निकाल किती भयंकर होता हे बाहेरच्या माणसाच्या लक्षात यायचं नाही. विजयकरांच्या घरात मासळी पुरुषानेच आणायची, ही रीत. मनमोहनरावांच्या आजोबांनी आणली, वडिलांनी धोतराचा सोगा खोचून आणली, आणि मनमोहनरावांनी सत्तेचाळीस वर्षं आणली. बाकी घरातल्या एकाही गोष्टीत त्यांना कोणी विचारत नव्हतं. फ्रिज कुठला घ्यायचा हे मुलगी ठरवायची, नातेवाइकांकडे कधी जायचं हे बायको ठरवायची, आणि टीव्हीचा रिमोट तर कुठे असतो हेही त्यांना माहीत नसायचं. रविवारी साडेआठ ते सव्वानऊ, हातात पिशवी, डोळ्यांत पारख, एवढंच त्यांचं राज्य उरलं होतं. तेही आता गेलं.

ठाण्याला राहणाऱ्या मुलीला, इरावतीला, त्याच दुपारी व्हिडिओ कॉलवर सगळं कळलं. तिने लगेच दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे, "मी किती वर्षं सांगतेय, इकडे या, आमच्या सोसायटीत दोन-दोन लिफ्ट आहेत," हे तिचं नेहमीचं पालुपद पुन्हा म्हटलं. दुसरं म्हणजे पुढच्या रविवारसाठी फोनवरच्या ॲपमधून मासळी मागवून टाकली.

ती आली थर्माकोलच्या डब्यातून. आत प्लास्टिक, प्लास्टिकच्या आत सुरमईच्या तुकड्या, पट्टीने मापून कापाव्या तशा. डोकं नाही, शेपूट नाही, कल्ला नाही. मनमोहनरावांनी ती पिशवी दोन बोटांत धरून उजेडात नेली आणि बराच वेळ न्याहाळली.

"ज्या माशाचा चेहरा बघितला नाही, तो खायचा कसा?" ते म्हणाले.

"मिठाने," दुर्गाबाई म्हणाल्या.

सोमवारी मनमोहनरावांनी कंबर कसली. रेलिंगच पाहिजे ना? एका आठवड्यात लावून दाखवतो.

गिरगावातली मोरोबा मॅन्शन ही पागडीची इमारत. म्हणजे भिंती मालकाच्या, भिंतींच्या आतली हवा भाडेकरूंची, आणि जिना दोघांचाही नसून उंदरांचा. लाकडी जिन्याला एका बाजूने कठडा आहे, पण त्याला धरून उतरायचं म्हणजे कठड्याला सांभाळत उतरायचं. भिंतीच्या बाजूला काहीच नाही. आणि भिंतीत खिळा ठोकायचा झाला तरी मालकाची लेखी परवानगी लागते. मालक कोणी बघितलेले नाहीत. त्यांचे मुनीम, मेहताजी, काळबादेवीच्या पेढीवर बसतात.

पेढीवर जायचं तर खाली उतरायला हवं, आणि एकट्याने उतरायला बंदी. दुर्गाबाईंनी त्याचीही सोय केली. पहिल्या मजल्यावरच्या तात्यांना सांगितलं, "तात्या, ह्यांना जरा सोबत करा." तात्यांचं वय एक्क्याऐंशी. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाने पडू नये म्हणून एक्क्याऐंशी वर्षांचा माणूस रोज दोन मजले चढून येऊ लागला, आणि यात कोणालाच काही विचित्र वाटलं नाही. महिन्याभरात तात्यांचा दम लागणं थांबलं आणि रंग उजळला. ते हातात काठी बाळगत, पण चालण्यासाठी नाही, दाखवण्यासाठी. वाटेत लोकांना आणि वस्तूंना काठीने दाखवत ते मनमोहनरावांना सल्ला देत जायचे.

"मनमोहन, माणूस पडतो का माहीतेय? खाली बघतो म्हणून. समोर बघत चालायचं." एवढं बोलून समोर बघता बघता ते काळबादेवीच्या फुटपाथवर एका हातगाडीला धडकले. हातगाडीवाल्याने त्यांची क्षमा मागितली.

मेहताजींनी अर्ज वाचला. अर्जात मनमोहनरावांनी लिहिलं होतं की जिना धोकादायक असल्याने ज्येष्ठ रहिवाशांच्या सोयीसाठी रेलिंग बसवण्यास परवानगी मिळावी. मेहताजींनी 'धोकादायक' या शब्दावर बोट ठेवलं.

"विजयकरशेठ, हे चालणार नाय. धोकादायक लिहिलं म्हणजे मालकावर आलं. उद्या नोटीस लागेल, सगळी बिल्डिंग खाली करा. जिना एकदम सॉलिड आहे."

"मग रेलिंग कशाला मागतोय आम्ही?"

"तेच तर. जिना पडका नाय, तुम्ही पडके हाय, असं लिहा. डॉक्टरचं सर्टिफिकेट लावा. एका मिनटात सही."

चौतीस वर्षं मनमोहनराव टेबलाच्या मेहताजींच्या बाजूला बसले होते. 'पुरावा जोडलेला नाही', 'वैद्यकीय दाखल्याअभावी परत', हे शेरे त्यांनी सुंदर वळणदार अक्षरात हजारो अर्जांवर मारले होते. टेबलाची दुसरी बाजू कशी दिसते ते त्यांना आज पहिल्यांदा दिसलं. तिथली खुर्चीही डगमगत होती.

डॉक्टरांकडे वेगळंच.

"कधीपासून पडता?" डॉक्टरांनी पेन उघडून विचारलं.

"मी पडत नाही. एकदा पडलो."

"दाखल्यात एकदा पडल्याला काय अर्थ आहे? एकदा तर मीही पडलोय. मालक म्हणेल, पुन्हा पडू दे मग बघू."

"मग काय लिहायचं?"

"वारंवार," तात्यांनी काठी उचलून सुचवलं.

असा तो दाखला तयार झाला. 'श्री. मनमोहन विजयकर, वय ७३, यांचा तोल वारंवार जातो. त्यांना चढता-उतरताना आधाराची नितांत गरज आहे.' मनमोहनरावांनी तो चार घड्या घालून खिशात ठेवला. पण मेहताजींना दोन प्रती हव्या होत्या, तात्यांनी तीन काढल्या, आणि तिसरी वाया जाऊ नये म्हणून तळमजल्यावरच्या सूचना फलकावर लावली. वर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'सर्व रहिवाशांच्या माहितीसाठी.'

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या दिवसापासून मनमोहनराव दाराबाहेर दिसले की लोक त्यांच्यासाठी भिंतीला चिकटून उभे राहू लागले. दूधवाला "आजोबा" म्हणू लागला. कालपर्यंत "साहेब" म्हणत होता. सल्ल्यांना तर ऊत आला. कोणी म्हणालं नाचणी खा, कोणी म्हणालं तळपायाला कांस्याच्या वाटीने तूप चोळा, कोणी म्हणालं उलटं चाला, त्याने मेंदू जागा होतो. समोरच्या इमारतीतल्या एका बाईंनी खिडकीतून विचारलं, "काका, चक्कर आतून येते की बाहेरून?"

दुसऱ्या मजल्यावरची रश्मी मात्र फिजिओथेरपिस्ट. परळच्या एका हॉस्पिटलात कामाला. तिने सल्ला दिला नाही, खुर्ची आणली. तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ठेवली आणि म्हणाली, "काका, दोन्ही हात छातीवर. हात न टेकता उठा, बसा, उठा, बसा. अर्ध्या मिनिटात किती होतात बघू."

"हे काय लहान मुलांसारखं?"

"लहान मुलांना येतं. तुम्हाला येतं का तेवढं बघायचंय."

आठ झाले. रश्मीने बरे आहेत म्हटलं, पण अजून हवेत. मग एका पायावर उभं राहायचं. मनमोहनरावांनी उजवा पाय उचलला आणि तीन सेकंदांत गॅलरीच्या कठड्याला मिठी मारली. समोरच्या इमारतीत दोन खिडक्या उघडल्या. चौथ्या दिवशी सहा खिडक्या होत्या, आणि एकीत कोणीतरी पोहे खात बसलं होतं.

"पाय, डोळे, चपला," रश्मी रोज बजावायची. "पाय मजबूत हवेत, चष्म्याचा नंबर तपासून घ्या, आणि ह्या सपाता फेकून द्या. मागे पट्टा असलेली चप्पल पाहिजे. पडणं हे काय नशिबात लिहिलेलं नसतं, काका. काकू, तुम्हीपण या ना. दोघं मिळून करा."

"माझं दूध गॅसवर आहे," दुर्गाबाई आतून म्हणाल्या. विजयकरांकडे दिवसातून किती वेळा दूध तापायचं याचा हिशेब रश्मीने कधी केला नाही.

मेहताजींची सही तिसऱ्या आठवड्यात आली. आता रेलिंग करणारा हवा. तात्यांच्या ओळखीचा एक कुशाबा होता, लालबागला त्याचं वेल्डिंगचं वर्कशॉप. भला माणूस. फक्त आयुष्यभर त्याने गणपती मंडळांचे लोखंडी अडसर आणि मंडपांचे सांगाडे केले होते. जिना बघायला आला तेव्हा त्याने वर बघितलं, खाली बघितलं, भिंतीवर थाप मारली आणि विचारलं, "किती पब्लिक अडवायचंय?"

"अडवायचं नाही. धरायचंय. एकाने."

"एकच?" कुशाबाचा चेहरा पडला. "बरं. माघी गणपतीची ऑर्डर आहे, ती उरकली की देतो."

माघी गणपतीला महिना होता. त्या महिन्यात विजयकरांच्या घरी चार रविवारी थर्माकोलचा डबा आला. मनमोहनरावांनी पहिल्या रविवारी जेवताना तोंड वाकडं केलं, दुसऱ्या रविवारी वरण-भात मागितला, आणि तिसऱ्या रविवारी सुंदराबाईचा फोन आला तेव्हा आत जाऊन दार लावून बोलले. "शेट, आज रावस असा आलाय, तुमी असता तर..." एवढंच ती म्हणाली. बाहेर आले तेव्हा त्यांचे डोळे लाल होते. त्यांनी कांद्याचं कारण सांगितलं. कांदा त्या वेळी घरात नव्हता.

रेलिंग आलं ते पाहून इमारत बाहेर आली. दहा हजार भक्तांचा लोंढा थोपवू शकेल असला पाइप. रश्मीने त्याला हात घातला, तिची बोटं अर्ध्यावरच राहिली.

"कुशाबा, मुठीत मावलं पाहिजे. तोल गेला की माणूस घट्ट पकडतो. याला मिठी मारावी लागेल."

"मजबूत हाय पण," कुशाबा म्हणाला. "ह्याला ट्रक बांधा."

ट्रक बांधायचा नव्हता. पाइप परत गेला. बारीक पाइप आला. भोकं पाडायला सुरुवात झाली, आणि दुसऱ्या मजल्याच्या वळणावर कुशाबाचं ड्रिल भिंतीत गेलं ते रश्मीच्या स्वयंपाकघरात निघालं. तिथे रश्मीच्या सासूबाई हळदीच्या डब्याला हात घालत होत्या, तर डब्याच्या वीतभर वर भिंतीतून फिरणारं लोखंड बाहेर आलं. त्या ओरडल्या नाहीत. त्या जिन्यात आल्या आणि त्यांनी कुशाबाला फक्त विचारलं, "आत यायचं होतं का? दाराने या ना." ते भोक अजून आहे. त्यातून त्यांच्या फोडणीचा वास जिन्यात येतो आणि कोणाकडे काय शिजतंय हे आता इमारतीला विचारावं लागत नाही.

मग रंग. रंगावर गॅलरीत बैठक झाली. तात्यांना चॉकलेटी हवा होता, कारण मळ दिसत नाही. रश्मी म्हणाली पिवळा, कारण म्हातारपणी डोळ्यांना ठळक दिसलं पाहिजे. 'म्हातारपणी' या शब्दावर वीस मिनिटं गेली. अखेर पिवळा ठरला. कुशाबाने शनिवारी एक हात दिला, आणि मन लावून काम करणारा माणूस असल्याने रविवारी पहाटे येऊन आणखी एक जाडजूड हात दिला. तात्यांनी ताबडतोब पाटी लटकवली, 'रंग ओला आहे. हात लावू नये. हुकमावरून.' हुकूम कोणाचा, ते लिहिलं नव्हतं.

आणि त्याच रविवारी सकाळी आठला शुभारंभ होता. नवीन वस्तू तशीच कशी वापरायची? दुर्गाबाईंनी तबक काढलं, हळद-कुंकू, फुलं, पेढे. रेलिंगच्या वरच्या टोकाला झेंडूचा हार घातला गेला. नारळ कोणी वाढवायचा यावर एकमत झालं, सर्वांत वडील म्हणून तात्यांनी. मनमोहनराव पट्ट्याची नवी चप्पल घालून, हातात पिशवी घेऊन तयार होते. साडेआठला सुंदराबाई. पंधरा मिनिटांत हे आटपलं पाहिजे, एवढीच त्यांची इच्छा होती.

तात्यांनी समोर बघत नारळ उचलला आणि तिसऱ्या मजल्याच्या वरच्या पायरीवर आपटला. नारळ पहिल्या फटक्यात फुटला. टाळ्या पडल्या. मुबलक पाण्याचा नारळ होता तो. पाणी वरच्या पायरीवरून दुसरीवर, दुसरीवरून तिसरीवर, झिजून गुळगुळीत झालेल्या लाकडावरून पसरत गेलं आणि सगळ्यांनी ते शुभ मानलं. पडण्यापासून वाचायला लावलेल्या रेलिंगची पूजा आपण पायऱ्या ओल्या करून करतोय, हे पंधरा सुशिक्षित माणसांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. रश्मीसुद्धा खोबऱ्याचे तुकडे गोळा करत होती.

दुर्गाबाई पेढ्यांचं तबक घेऊन खालच्यांना द्यायला निघाल्या. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, दुसऱ्या पायरीवर ठेवला तो राहिला नाही. रेलिंग त्यांच्या हातापासून वीतभर होतं. पण पाटीवर लिहिलं होतं हात लावू नये, आणि दुर्गाबाई तीस वर्षं शिक्षिका होत्या. त्यांनी हात लावला नाही. त्या दोन पायऱ्या घसरत वळणावर बसत्या झाल्या. तबक मात्र तळमजल्यापर्यंत एकेक पायरी वाजवत गेलं.

सगळे एकदम पुढे सरसावले.

पहिले पोचले मनमोहनराव. त्यांनी पिशवी टाकली, पाटीसकट रेलिंग मुठीत आवळलं आणि ओल्या पायऱ्यांवरून उतरून बायकोशेजारी टेकले. झेंडूचा हार त्यांच्या मनगटाला अडकून आला होता. तळहात पिवळाधमक.

"दुर्गा! लागलं? कुठे लागलं? बोल ना!"

"ओरडू नका. ऐकू येतंय मला."

रश्मी खाली वाकली. "काकू, उठायची घाई नको. पाय हलवून बघा. असा. दुसरा. कंबर दुखतेय? चक्कर आली होती का?" सगळं ठीक दिसत होतं, एक कोपर खरचटलं होतं, कंबरेला दणका बसला होता. मग तिने नेहमीच्या सवयीने, हॉस्पिटलात प्रत्येकाला विचारते तसं विचारलं, "याआधी कधी पडला होतात का?"

दुर्गाबाईंनी भिंतीकडे बघितलं. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती. न सांगायची होती.

"दोनदा," त्या म्हणाल्या.

"कुठे?"

"इथेच. याच वळणावर. एकदा पाडव्याच्या आधी, आणि एकदा जूनमध्ये."

मनमोहनरावांना एकदम कळलं की बाजारात पडलेल्या माणसाला जिन्याचं रेलिंग कशासाठी सांगितलं होतं.

"मी कुठे होतो तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"घरात. पेपर वाचत होतात. पाव तास बसून होते मी इथे, पायात जीव येईना. दुपारची वेळ, जिन्यात चिटपाखरू नाही. मग उठले, वर आले, चहा टाकला."

"मला का नाही सांगितलंस?"

"कशाला सांगू? इरावती दुसऱ्या दिवशी टेम्पो घेऊन आली असती. ठाण्याला कुठली सुंदराबाई? तुम्ही तिथे त्या लिफ्टमध्ये बसून काय केलं असतं?" त्यांनी कोपराला लागलेलं खोबरं झटकलं. "आणि माझं काय, मलाही इथेच राहायचंय."

मनमोहनरावांना तो चहा आठवला. जूनमधला. तो साधारण कधी झाला असेल हे त्यांना आठवायचं कारण नव्हतं, पण आठवला, कारण त्यांनी तो परत पाठवला होता. साखर कमी आहे म्हणाले होते. पेपरातून मान वर न करता. आणि दुर्गाबाई काही न बोलता कप घेऊन आत गेल्या होत्या, साखर घालायला. त्या चालताना लंगडत होत्या का, हे त्यांनी त्या दिवशी बघितलं नव्हतं, आणि आता कितीही आठवलं तरी दिसणार नव्हतं. त्यांना रडू आलं. या वेळी त्यांनी कांद्याचं नाव घेतलं नाही.

त्या रविवारी बाजार झालाच नाही. तात्यांनी काठी बाजूला ठेवून स्वतः जिना पुसला. पेढे मुलांनी पायऱ्यांवरून वेचून खाल्ले. इरावतीचा कॉल आला तेव्हा मनमोहनरावांनी पडलेलं सगळं पहिल्यापासून सांगून टाकलं, दुर्गाबाईंचं तीनदा आणि त्यांचं एकदा, मिळून चार. ती म्हणाली, पुढच्या महिन्यात येते, रेलिंग बघायला. टेम्पोचा विषय निघाला नाही, निदान त्या दिवशी तरी.

सोमवारी गॅलरीत दोन खुर्च्या होत्या. दूध गॅसवर नव्हतं. दुर्गाबाईंचे पाच झाले, हात न टेकता. मनमोहनरावांचे अकरा. समोरच्या खिडक्यांतून टाळ्या आल्या आणि दुर्गाबाईंनी खिडक्यांकडे अशी नजर टाकली की दोन ताबडतोब बंद झाल्या.

पुढच्या रविवारी रंग वाळला होता. कंबर बरी होती. मनमोहनरावांवरची बंदी उठली होती. तसं दुर्गाबाईंनी आदल्या दिवशीच जाहीर केलं होतं. सव्वाआठला त्यांनी पिशवी घेतली, रेलिंग धरलं, एकेक पायरी मोजून उतरले, थेट तळमजल्यापर्यंत, एकटे. दोन-अडीच महिन्यांत पहिल्यांदा. दारातून रस्ता दिसत होता. तिथे ते क्षणभर उभे राहिले, आणि मग रेलिंग धरून पुन्हा तीन मजले चढून वर आले.

दुर्गाबाई दारातच होत्या. "काय विसरलात?"

"चल."

"कुठे?"

"बाजारात."

"मी? सत्तेचाळीस वर्षांत कधी गेले नाही. मी येऊन काय करू तिथे?"

"मी पडलो तर हात द्यायला कोणीतरी हवं ना सोबत."

"आणि मी पडले तर?"

मनमोहनरावांनी पिशवी डाव्या हातात घेतली आणि उजवा हात पुढे केला.

"तर सांगायचं," ते म्हणाले. "लगेच. चहाच्या आधी."

दुर्गाबाईंनी त्यांच्याकडे बघितलं आणि पट्ट्याच्या चपला शोधायला आत गेल्या.